दारावरचा कागद

१६ नोव्हेंबर १९५५, भाऊबीज

ह्यांच्या लाकडाच्या डेपोतल्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती. वाया जाऊ नयेत म्हणून त्यांत लिहायला घेतलं आहे. खर्चाची वही वेगळी. तिच्यात मनातलं मांडायला रकाना नाही.

हे काल पाडव्याचा फराळ करून आलापल्लीला गेले. लाकूडतोडीचे दिवस सुरू झाले, आता होळीशिवाय दर्शन नाही. घरात मी आणि सासूबाई. श्रावणात विहिरीच्या दगडावरून घसरल्या तेव्हापासून त्या बाजेवर आहेत. कंबर गेली, जीभ शाबूत आहे.

आम्ही चौघी बहिणी, भाऊ नाही. भाऊबिजेला मी दरवर्षी चंद्राला ओवाळते. यंदा भजन मंडळातले नानाजी म्हणाले, "चंद्राले काऊन ओवाळता, बाई? मी मेलो का?" डोळ्यांत पाणीच आलं. नानाजी कचेरीसमोर पिंपळाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितात. कायद्याचा माणूस, वर गळ्यात माळ. ओसरीवर पाट मांडून सगळ्या गल्लीदेखत ओवाळलं. त्यांनी ओवाळणीत चोळीचा खण घातला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "भाऊ भेटला, बरं झालं. आता त्याची भूक केवढी आहे ते पाहून घे."

शेजारची आबिदा मधल्या भिंतीवरून पाहत होती. तिचा नवरा मन्सूर कल्हईवाला. घरमालक दोघांचा एकच, पत्रूजी ठेकेदार. सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या ओसरीत इतकं काय पाहायचं असतं?

४ डिसेंबर

भाडं द्यायला मालकांच्या बैठकीत गेले होते. मुनीम म्हणाला, "मालक म्हणते, सध्या राहू द्या." मागच्या महिन्यातही हेच. पैसे परत आणून देवापाशी डब्यात ठेवले.

नानाजींना विचारलं तर हसले. "मालकाचं मन मोठं आहे, बाई. घरात म्हातारी पडून आहे हे त्याले दिसते ना. एकदम देऊन टाका कधीतरी."

दुपारी विहिरीवर आबिदानं गाठलं. "वहिनी, तुमचं भाडं घेतलं का पत्रूजीनं?"

मी म्हटलं, "काऊन?"

"आमचं नाई घेतलं. मन्सूरनं मनिऑर्डर केली. ती बी परत आली, पण पोष्टाची पावती हाये ना हातात. तुमी बी करा."

आमचं भाडं दिलं की नाही याची पंचाईत हिला कशाला? आणि मनिऑर्डरचं कमिशन कोण भरणार? जे घेत नाहीत त्यांना पैसे पाठवायचे आणि वर टपालखात्यालाही द्यायचे, हा कुठला शहाणपणा. मी म्हटलं, पाहते. पाहिलं काही नाही.

१३ डिसेंबर

आज मोठी अब्रू वाचली.

सकाळी देवपूजा चालली होती. दारात खाकी कपड्यातला चपराशी. भाडे-नियंत्रकाच्या कचेरीतून आला होता, ह्यांच्या नावचा कागद घेऊन. मी हात पुढे केला तर म्हणाला, "बाईच्या हाती देता येत नाई. घरात पुरुष कोण आहे?"

म्हटलं, ते आलापल्लीला. कागदावर काय आहे ते वाचू द्या, मी मॅट्रिक आहे.

"मॅट्रिक असा का बालिस्टर असा, बाई ते बाईच. पुरुष नसन तर दारावर चिकटवतो नि दोन साक्षीदाराच्या सह्या घेतो." त्यानं पिशवीतून खळीचा डबा काढलासुद्धा.

सरकारी कागद दारावर! गल्लीतून जाणारा येणारा वाचणार, नळावर चर्चा होणार, कर्ज बुडवलं की चोरी केली. समोरच्या रुखमाबाई तर झाडू हातात धरून उभ्याच राहिल्या होत्या. तेवढ्यात देवासारखे नानाजी आले. रोज सकाळी प्रसाद द्यायला येतात तसे. मी म्हटलं, "हे माझे भाऊ. घरचेच आहेत. यांना द्या."

चपराशानं विचारलं, "इथीच राहते का?"

नानाजी म्हणाले, "बहिणीचं घर ते भावाचं घर." सही केली, कागद घडी करून खिशात घातला. मला म्हणाले, "काही नाई, बाई. घरांची मोजदाद करून राह्यले. मी निपटून घेतो. भाऊजींले लिहू नका, जंगलात उगाच जिवाले घोर." ह्यांना लिहिलं नाही. कार्डाचे पैसेही वाचले.

आबिदा त्या वेळी दाराशी कोळसे निवडत बसली होती. सगळं ऐकलं असणार. नंतर म्हणते, "वहिनी, कागद वाचला का तुमी?" मी दार ओढून घेतलं.

१४ जानेवारी १९५६, संक्रांत

वाणाला घरोघर चमचे वाटतात. मी कापूस वळून वातींची पुडी दिली, देवाच्या कामी येते आणि खर्चही बेताचा. आबिदालाही तिळगूळ दिला. तिनं आमचं भात शिजवायचं पितळी गंज मागितलं, मन्सूर फुकट कल्हई करून देईल म्हणाली. फुकट काही नसतं. दिलं, पण आधी बुडाला बाहेरून खिळ्यानं खूण करून ठेवली.

नानाजी आले होते. ओसरीच्या टोकाला बराच वेळ उभे होते. "इथी ऊन कवापर्यंत राह्यते, बाई?" मी सांगितलं, नवाच्या सुमाराला जातं. "रस्त्यावरून सारं दिसते. एक टेबल नि दोन बाका बसतीन आरामात." मी म्हटलं, ह्यांची बदली चांद्याला झाली तर इथं बसून काम करतील खरे. ते म्हणाले, "हो, हो, तेच."

माझ्या नवऱ्याच्या बदलीचा माझ्या भावाला किती विचार.

जाताना हळू आवाजात म्हणाले, "शेजाऱ्यापासून जपून राहा. मन्सूर मालकाकडे गेला होता. तुमची मागची खोली मागून राह्यला, भट्टीसाठी."

मला वाटतच होतं. काल दुपारभर मधल्या भिंतीवर ठकठक चालली होती. भोक पाडतात की काय म्हणून मी कान लावून बसले. सासूबाई म्हणाल्या, "कमळे, तो भांडे ठोकते वं. कल्हईवाला भांडे नाई ठोकन तर का तुयं कपाळ ठोकन?"

गंज परत आलं. चकचकीत. खूण तशीच होती.

२ फेब्रुवारी

बाजारात कोर्टाचा चपराशी भेटला. हा वेगळा, दिवाणी कोर्टाचा. आपणहून म्हणाला, "तुमच्या घरचा समन्स तुमच्या भावापाशी देला, बाई. पिंपळाखालीच भेटले. तुमच्या दारापर्यंत चकरच वाचली."

कसला समन्स? तशीच कचेरीसमोर गेले. नानाजी टेबलाशी बसले होते. त्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर निळी शाई सांडून चिंचेच्या आकड्याएवढा डाग पडला आहे, त्यावरच हात ठेवून ते म्हणाले, "तेच मोजदादीचं प्रकरण, बाई. आता कोर्टातून चालून राह्यलं. तारखेले यायची गरज नाई. बायामाणसानं कोर्टाची पायरी कशाले चढाव? मी आहो ना."

खरं आहे. पण मोजदादीला कोर्ट कशाला लागतं, हे विचारायचं राहून गेलं. परत येताना मन्सूर दिसला, बोरकुटे वकिलांच्या दारात त्यांच्या भांड्यांची पाटी घेऊन. कल्हईच्या निमित्तानं वकिलाकडे जायचं आणि आमच्या खोलीवर डोळा ठेवायचा. नानाजींनी वेळेवर सावध केलं.

२८ फेब्रुवारी

नानाजी आठवडाभर प्रसाद घेऊन आले नाहीत. मंडळात चौकशी केली. कामात आहेत म्हणे.

आबिदा भिंतीवरून म्हणाली, "वहिनी, भाऊ येत नाई आजकाल?" तिच्या आवाजात काहीतरी होतं. आनंद असावा.

२७ मार्च, होळीचा दुसरा दिवस

हे होळीला येणार होते. चिठ्ठी आली, साहेबांचा दौरा आहे, सुटी नाही. पुरणाचा घाट घातलाच नाही. सासूबाईंपुरत्या दोन पोळ्या केल्या.

नळावर रुखमाबाई म्हणाल्या, "तुम्ही घर सोडून राह्यल्या म्हणते?" मी म्हटलं, कोण म्हणतं? त्यांनी आबिदाच्या घराकडे पाहिलं. पाहिलं की नजर सहज गेली, हे सांगता येणार नाही. मी मात्र समजायचं ते समजले.

मागच्या दाराला आतून दुसरी कडी लावून घेतली. लोहाराला सहा आणे.

६ एप्रिल

घडलं ते क्रमानं लिहिते.

आज उपास. सकाळी पूजा आटोपून सासूबाईंना पेज भरवत होते. दारावर थाप पडली. उघडलं तर अंगणात माणसंच माणसं. पुढे कोर्टाचा बेलिफ सोमाजी, डोक्याला पंचा, हातात कागद. मागे मालकांचा मुनीम, दोन पंच, एक पहार घेतलेला मजूर आणि रस्त्यावर बैलगाडी.

सोमाजीनं वाचून दाखवलं. ह्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम झाला आहे. भाडं थकवलं, नोटीस मिळूनही हजर झाले नाहीत. घर खाली करून ताबा मालकाला द्यायचा. आजच.

मी म्हटलं, "भाडं डब्यात आहे! त्यांनीच घेतलं नाही!"

"ते मले सांगून का उपयोग, बाई? ते जज्जसाहेबाले सांगाचं होतं. मी तं वारंटाचा धनी. तारखेले कोणी गेलं नाई का?"

"माझे भाऊ गेले होते."

मुनीम खाली पाहून हसला.

सोमाजी वाईट माणूस नव्हता. त्यानं ओसरीवर बसून पाणी मागितलं. "सामान सुखरूप बाहेर ठेवू. देवाच्या वस्तू तुमी सोता काढा, आमी हात लावत नाई. म्हातारीले बाजेसकट उचलू. दार लावून घेतलं तं मले कुलूप तोडा लागन, त्याचाही हुकूम आहे. पण मारझोड करायचा कोणालेच हुकूम नाई, मालकालेही नाई." मुनिमाकडे बोट करून, "ऐकून राह्यला ना गा?" मग घसा खाकरून नेहमीचं म्हटल्यासारखं म्हणाला, "घरात कोणी पर्देवाली बाई असन तं सांगा. तिले अगोदर इज्जतीनं बाहेर जायला वेळ द्यावा लागते, मंगच पुढचं काम."

मुनीम म्हणाला, "यांच्यात कुठला आला परदा?"

तेवढ्यात मागच्या दारावर धक्के. दोन कड्या घातल्या होत्या तरी आबिदाच्या आवाजानं घर हललं. "वहिनी, खोला!" उघडलं. डोक्यापासून पायापर्यंत काळा बुरखा घालून ती सरळ आत शिरली आणि सासूबाईंच्या बाजेशेजारी भिंतीला टेकून बसली. देवघरापासून दोन हातांवर!

आतूनच ओरडली, "बेलिफसाब! मी पर्दानशीन बाई हाये. मोठ्या बाईची सेवा कराले आली. मी गैरमर्दापुढून नाई जाणार. पडदा लावलेली बैलाची रेंगी बोलवा, मंग जाते."

पर्दानशीन! रोज सकाळी डोकं उघडं टाकून कोळशाची पाटी घेऊन भर बाजारातून येणारी ही बाई! मन्सूरशी भांडते तेव्हा तिचा आवाज जटपुरा दरवाजापर्यंत जातो. मी ते म्हणणारच होते, पण सासूबाईंनी माझं मनगट असं आवळलं की वळ उठला.

मुनीम चिडला. "ही शेजारीण आहे! घाला हात नि काढा बाहेर!"

सोमाजी म्हणाला, "तुमी घाला. मी पाह्यतो. मंग तुमच्यावरच लिहितो कागद." आणि पाटावर मांडी घालून बसला. "रेंगी कोण आणून राह्यलं?"

भिंतीपलीकडून मन्सूर म्हणाला, "मी जातो ना, साब. आत्ता घेऊन येतो."

मन्सूर गेला तो गेलाच. दुपार टळली. ऊन असं की पहारवाला मजूर गाडीखाली जाऊन निजला. मुनीम येरझाऱ्या घालत होता. "पोलीस आणतो!" म्हणाला. सोमाजीनं सांगितलं, पोलिसांची मदत पाहिजे तर कोर्टात वेगळा अर्ज टाका, साहेब मंजूर करतील तेव्हा येतील पोलीस. मध्येच त्यानं विचारलं, "पर्देवाली बाई, रेंगी कुठून येऊन राह्यली, वरोऱ्याहून का?" आतून आबिदा म्हणाली, "बैल पर्दानशीन हायेत, साब. हळू चालते." सासूबाई इतक्या हसल्या की कंबर धरून ओरडल्या.

मला हसू आलं नाही. मी सगळा दिवस तिच्यावर नजर ठेवून होते. ही अशी घरात ठाण मांडून बसली. आम्हाला काढलं की हिचाच ताबा, हा डाव नसेल कशावरून? मालकाचीच माणसं ओसरीत आणि हिचं ठाण माजघरात. दोन्हीकडून आमची कोंडी. तिनं पाणी मागितलं ते दिलं. माझ्या भांड्यातून नाही, तिच्याच घरून आणलेल्या तांब्यातून.

दुपारी सहज रस्त्यावरच्या गाडीकडे लक्ष गेलं. गाडीत मालकाचं सामान होतं, ताबा मिळाला की लगेच मांडायचं. दोन बाका. एक टेबल, उलटं ठेवलेलं. टेबलाच्या कोपऱ्यावर निळा डाग, चिंचेच्या आकड्यासारखा.

नानाजींचं टेबल. मला वाटलं, आमचं सामान बाहेर निघणार हे कळल्यावर भावानं मदतीला पाठवलं असेल, वस्तू ठेवायला. सासूबाईंना तसं म्हटलंही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कमळे," म्हणाल्या, "मॅट्रिकले किती वर्सं लागते वं?"

दिवस कलला. सोमाजी उठला. "अंधारात मी कोणाच्या घरात पाय टाकत नाई. रेंगी आली नाई, ताबा झाला नाई, असा रिपोर्ट लिहितो. नवा वारंट निघन तवा पाहू." पंचांच्या सह्या घेतल्या आणि गेला. गाडीही टेबल घेऊन गेली.

आबिदानं बुरखा काढला. घामानं निथळत होती. "वहिनी, दार लावून घ्या," एवढंच म्हणाली आणि मागच्या दारानं गेली. मन्सूरचा अजून पत्ता नाही. इतका वेळ कुठे आहे, कोणाबरोबर आहे, देव जाणे.

७ एप्रिल

मन्सूर कुठे होता ते कळलं. लाकडाच्या ट्रकवर बसून आलापल्लीला गेला होता. आज दुपारी त्याच ट्रकनं ह्यांना घेऊन आला. दोघंही धुळीनं लाल. ह्यांनी चहासुद्धा घेतला नाही, सरळ बोरकुटे वकिलांकडे गेले.

मन्सूरला ट्रकचं भाडं किती पडलं ते विचारलं. "ड्रायवरच्या घरचे भांडे करून देईन," म्हणाला. म्हणजे काही पडलं नाही असंच धरायचं का? आमच्या खोलीवर डोळा असलेला माणूस आमच्यासाठी जंगलात कशाला जाईल, याचा हिशेब लागत नाही.

१० एप्रिल

कोर्टानं हुकूम तूर्त थांबवला. थकलेलं म्हणतात ते सगळं भाडं कोर्टात भरायला सांगितलं. डबा जसाच्या तसा होता, भरला.

वकिलांनी मला बोलावून नीट समजावलं. भाडे-नियंत्रकाची परवानगी असल्याशिवाय मालकाला घर सोडा अशी नोटीसच देता येत नाही. परवानगी द्यायच्या आधी भाडेकरूचं म्हणणं ऐकावं लागतं. समन्स द्यायचा तर भाडेकरूच्या हातात, नाहीतर त्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या पुरुषाच्या. तोही नसेल तर दारावर. "दारावर लावला असता तर तुम्हालाच वाचता आला असता, बाई. तुम्ही तर मॅट्रिक."



"आता सगळं एका गोष्टीवर आहे," ते म्हणाले. "नानाजी तुमच्या घरचा माणूस ठरला, तर समन्स मिळाला असं धरतील आणि घर गेलं. नाही ठरला, तर हुकूम रद्द. मालकाचा वकील तुम्हालाच उभं करील. भाऊ नाही म्हणून सांगा."

भाऊबिजेला ओवाळलं आहे. पाटावर बसवून, महाकालीचं कुंकू लावून. देवासमोर जोडलेलं नातं शपथेवर खोटं म्हणू? घरासाठी?

रात्री ह्यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, "आईची बाज कुठं ठेवायची ते तू सांग."

२५ एप्रिल

महाकालीची यात्रा भरली आहे. गर्दीत दर्शनाला गेले. दुरूनच नानाजी दिसले, मंडळात टाळ वाजवत होते. डोळे मिटलेले. माझ्याकडे पाहिलं असेल किंवा नसेलही. देवीपुढे उभी राहिले तर मागायचं काय तेच आठवेना. घर मागू की खरं बोलायची बुद्धी मागू? नारळ फोडला, निम्मा परत आणला.

वाटेत आबिदा म्हणाली, "परवा मी बी येते साक्षीले. कोणी कागद घेतला ते मी पाह्यलं." मी विचारलं, तुझं यात काय? ती म्हणाली, "आज तुमचा नंबर हाये, उद्या आमचा. राजुऱ्याला असताना एकदा आमचं सामान रस्त्यावर पडलं होतं, वहिनी. पावसात. शेजाऱ्यानं दार लावून घेतलं होतं."

आणखी काही सांगेल म्हणून मी थांबले. ती पुढे चालू लागली.

२७ एप्रिल

कोर्टात पंखा ओढणारा झोपेत होता. साहेब घाम पुसत होते. नानाजी पुढच्या बाकावर, गळ्यात माळ.

मला पिंजऱ्यात उभं केलं. मालकांच्या वकिलानं गोड आवाजात सुरुवात केली. "भाऊबिजेला आपण यांना ओवाळलं?"

"ओवाळलं."

"सगळ्या गल्लीसमोर?"

"हो."

"मग हे तुमचे भाऊ आहेत की नाहीत?"

बोरकुटे वकिलांनी मान हलवली, नाही म्हणा म्हणून. ह्यांनी डोळे मिटले. मी म्हटलं, "भाऊ आहेत."

नानाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. वकील खूश झाला. "म्हणजे घरचेच माणूस."

"नाही," मी म्हटलं. "ताट वाढलं होतं, एकदा. अंथरूण कधी घातलं नाही. आमच्या घरात अंथरुणं तीन. एक सासूबाईंचं, एक ह्यांचं, एक माझं. चौथं घरातच नाही. जो आमच्याकडे एक रात्र निजला नाही तो आमच्या घरात राहतो असं कसं म्हणू? भाऊ म्हणून मी खरं बोलले. हेही खरंच बोलते."

साहेबांनी पेन थांबवून विचारलं, "चपराशाला 'घरचेच' म्हणालात ना?"

"दारावर कागद लागेल म्हणून भ्याले, साहेब."

मग आबिदा. बुरख्यातून तिचा आवाज सगळ्या कोर्टात गेला. मालकांच्या वकिलानं टोमणा मारला, "पर्दानशीन बाईला शेजारच्या दारातलं बरं दिसतं?" ती म्हणाली, "पर्दा तोंडावर असते, साब. डोळ्यावर नाई."

एकतर्फी हुकूम रद्द झाला. खटला उभाच आहे, पण आता आमचं म्हणणं ऐकूनच चालेल. नियंत्रकाकडची परवानगीही अशीच मिळवलेली होती, तिच्यावर वकील वेगळा अर्ज टाकणार आहेत.

बाहेर पिंपळाखाली नानाजी म्हणाले, "बाई, भावाची इज्जत घेतली तुमी." त्यांच्या मनात काय होतं ते देवाला ठाऊक, मी लिहिणार नाही. चोळीचा खण मात्र धुऊन, घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवून आले. निळ्या डागावर.

२ जून

हे आलापल्लीला परत गेले, महिनाअखेर येतील. मन्सूर आज आमच्या ओसरीत बसून परातीला कल्हई करत होता. त्याच्या अंगणात ऊन फार आणि आमच्याकडे सावली. ओसरी काही झिजत नाही. निखाऱ्यांवर मात्र माझं लक्ष होतं.

भाडे-नियंत्रकाचा तोच चपराशी आला. आधीची परवानगी रद्द झाली, मालकानं नवा अर्ज टाकला आहे. "पुरुष कोण आहे घरात?" त्यानं मन्सूरकडे पाहिलं. "याले देऊ का?"

मन्सूरनं दोन्ही हात मागे घेतले. "मले नोको, भाऊ."

मी म्हटलं, "हे शेजारी आहेत. घरात पुरुष नाही. दारावर लावा."

"दारावर? सारी गल्ली वाचन, बाई."

"वाचू द्या."

त्याच्या डब्यातली खळ वाळून गेली होती. मी आत जाऊन मूठभर ज्वारीचं पीठ चुलीवर शिजवून दिलं. कागद लागला. रुखमाबाई आणि नळावरचा एक पाणक्या, दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या झाल्या, म्हणजे रुखमाबाईंचा अंगठा. मी कागद मोठ्यानं वाचला, तारखेसकट. सासूबाईंनी आतून तारीख पुन्हा विचारली.

चपराशी वळला आणि वाऱ्यानं वरचा कोपरा सुटला. उरलेली खळ आणायला मी धावत आत गेले. परत आले तर आबिदा आमच्या दारात उभी होती आणि तो कोपरा अंगठ्यानं दाबून धरला होता. डोक्यावर काही नव्हतं. सगळी गल्ली पाहत होती.